तमाम लोकांस कळविण्यात येते की

माझी उंची सहा फूट एक इंच आहे आणि ऑफिसात मला सगळे 'छोट्या' म्हणतात. कारण मी छोट्या जाहिराती घेतो. आमच्या वर्तमानपत्राच्या तळमजल्यावर, दारातून आत आलं की डाव्या हाताला, काचेमागे मी एकोणीस वर्षं बसलोय. हरवले-सापडले, खोली भाड्याने देणे, नावात बदल, शिलाई मशीन विकणे आहे. माणूस फॉर्म भरून देतो, मी ओळखपत्र बघतो, शब्द मोजतो, सही घेतो आणि शिक्का मारतो. या कामात बहादुरीला वाव नाही आणि मलाही ती कधी फारशी लागली नव्हती.

सांगायचंय ते ताईंबद्दल. ताई वरच्या मजल्यावर, बातमीदारांच्या खोलीत खिडकीशी बसतात. वय अठ्ठावन्न, डाव्या कानात ऐकायचं यंत्र, हातात कायम शिसपेन्सिल. शुक्रवारचं पान सहा त्यांचं. वर मोठ्या अक्षरात 'काय वाजतंय?' आणि खाली गावात आणि आसपासच्या वस्त्यांत त्या आठवड्यात कोण कुठे गाणार, कोण काय वाजवणार, आणि मागच्या आठवड्यात ज्यांनी गायलं-वाजवलं ते कसं झालं. मोठ्या कलाकारांच्या बातम्या काय, कुठेही येतात. ताईंच्या पानावर बस डेपोचं कॅन्टीन असायचं, वाचनालयाचा जिना असायचा, मासळीबाजारामागची शेड असायची. चांगलं झालं तर चांगलं, वाईट झालं तर वाईट. ताई दारात दिसल्या की वादक एकमेकांना म्हणायचे, "आल्या रे, तारा नीट लावा."

त्यांचा एकच नियम होता. जिथे स्वतः बसले नाही, तिथलं लिहायचं नाही. एकदा त्या तापाने पडल्या होत्या, तेव्हा पान सहावर अर्ध्या भागात फक्त एक ओळ आली होती: 'या आठवड्यात मी आजारी होते, त्यामुळे काही ऐकलेलं नाही.' बाकी कोरं. लोकांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली, कोऱ्या जागेबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मग नवे संपादक आले. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. मोठ्या शहरातून आलेले, चाळिशीचे, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता. घाईचा होता, एवढंच.

दरवर्षी आमच्या नगर सभागृहात एक संगीत सोहळा होतो. तो आणि ते सभागृह चालवणारी एक समिती आहे, समितीचे एक अध्यक्ष आहेत, आणि समितीच्या पानभर जाहिराती आमच्याकडे येतात. यंदा शनिवारी संध्याकाळी पाचला कार्यक्रम होता. सुरुवातीला अर्धा तास गावातला 'डेपोवाले' हा बँड, नंतर बाहेरून आलेले एक बडे गायक. अडचण अशी की छपाई आता दुसऱ्या गावी होते, म्हणून रविवारच्या अंकाचं ते पान शनिवारी सहालाच पाठवावं लागतं. मी त्या दुपारी जाहिरातींची पानं घेऊन वर गेलो होतो, तेव्हा साहेब ताईंच्या टेबलाशी उभे होते.

"ताई, सोहळ्याचं आत्ताच लिहून टाका."

"कार्यक्रम पाचला आहे."

"हो, पण पान सहाला जातं. समितीनं पत्रक दिलंय, गाण्यांची यादी दिलीय. दरवर्षी काय वेगळं होतं?"

"ते पाचनंतर कळेल."

"मला मान्य आहे, जेवल्याशिवाय चव कळत नाही, पण..."

"पण तुम्ही ढेकर आधी मागताय."

खोलीतले सगळे हसले. साहेबही हसले. "बरं, सोमवारी द्या," असं म्हणून ते आत गेले. आम्हाला वाटलं, विषय मिटला.

सोहळ्याला मी आईला घेऊन गेलो. ऑफिसातून दोन पास मिळाले होते, तेरावी रांग. आई सत्तरीची आहे, पण तिचे कान असे की शेजारच्या घरात चमचा पडला तरी विचारते, कोणाचा पडला. ताई दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर वही.

डेपोवाले म्हणजे पाच जण. पुढारी डेपोतला मेकॅनिक, तो क्लॅरिनेट वाजवतो. त्याची बायको गाते, तिला सगळे वहिनी म्हणतात. बाकी दोघे भाऊ गिटारवर आणि एक शिंपी ढोलावर. त्यांची दोन गाणी झाली. तिसरं गाणं वहिनींनी स्वतः बांधलेलं, पहाटेच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांवरचं. त्याचं पहिलं कडवं चालू असताना मागचं दार उघडलं आणि अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आत आले. समितीच्या एका माणसाने आवाजाच्या टेबलाकडे बघून दोन बोटांनी कात्री चालवल्यासारखं केलं. माईक बंद.

वहिनींचं तोंड हलतंय आणि आवाज नाही, असं एक क्षण झालं. मला वाटलं, बाई रडणार. त्यांनी माईककडे बघितलं, माईकचा दांडा उचलून बाजूला ठेवला, मंचाच्या अगदी कडेला येऊन बसल्या, पाय खाली सोडले आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे गायला लागल्या. मेकॅनिकने क्लॅरिनेट खालच्या सुरात आणलं. शिंप्याने ढोल बोटांवर घेतला. तिकडे अध्यक्ष मधल्या वाटेत हातात पुष्पगुच्छ धरून पाहुण्यांशी मोठ्याने बोलत होते. सभागृहातून त्यांना 'शूऽऽ' झालं. त्या 'शूऽऽ'मध्ये माझ्या आईचा वाटा मोठा होता. गाणं संपेपर्यंत अध्यक्ष तिथेच, फुलं धरून, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे उभे राहिले. मग जशी टाळी पडली, तशी मी या सभागृहात आजवर ऐकलेली नाही. पाचही जणांनी वाकून नमस्कार केला आणि ते आत गेले. त्यांचा अर्धा तास झालाच होता.

मग बडे गायक आले. दिवे फिरले, धूर सोडला. चांगलं चाललं होतं म्हणायचं. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात त्यांना तहान लागली. त्यांनी बाटली उघडली आणि घटाघट पाणी प्यायले. गाणं चालूच! त्यांचाच आवाज, वरचा सूर, एकही अक्षर न चुकता.

आईने मला कोपर मारलं. "अरे, पितोय पण आणि गातोय पण! तुझ्या बाबांना पाणी पिताना मान हलवता यायची नाही."

"आई, शू."

पुढे बघितलं तर ताईंची पेन्सिल चालू होती.

रविवारी सकाळी पेपर आला. पान चारवर, वरच्या बाजूला, सोहळ्याचा वृत्तांत. खाली ताईंचं नाव. 'पाहुण्या गायकांनी सलग दोन तास आपल्या जिवंत आवाजाची जादू पसरवली. स्थानिक वादकांनी मात्र किरकोळ तांत्रिक अडचणीचा बाऊ करून मंचावर गोंधळ घातला व कार्यक्रम अर्धवट सोडला.'

आईने चष्मा पुसून दोनदा वाचलं. "ह्या बाईंना झालंय तरी काय?" ती म्हणाली.

ऑफिसात वरच्या मजल्यावर काय झालं असेल ते मला कळलं होतं. पहिला अर्धा भाग कोणीतरी दुपारीच पत्रकावरून लिहिला होता आणि दुसरा समितीने सहाच्या आत फोनवरून सांगितला होता. पण गावाला ते कसं कळणार? गावाने खालचं नाव वाचलं. तीस वर्षं ते नाव खोटं बोललं नव्हतं, म्हणून गावाने विश्वास ठेवला.

सोमवारी दहाच्या सुमारास मेकॅनिक ऑफिसात आला. अंगावर कामाचे कपडे, हातात समितीचं पत्र. डेपोवाल्यांना सभागृहात वर्षभर बंदी. पत्राला पेपरातलं कात्रण टाचलेलं. ताई तेव्हाच जिन्यावरून खाली येत होत्या. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, तुम्ही तिथे होतात ना?"

"होते."

"मग?"

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तुमचं आहे," तो म्हणाला. कात्रणावर त्याच्या बोटाचा काळा ठसा उमटला होता. पत्राची घडी खिशात घालून तो गेला.

ताई आल्या पावली वर गेल्या. त्यांचा आवाज यंत्रामुळे की स्वभावामुळे, मोठाच आहे, जिन्यात स्पष्ट येतो. मी कागदांचा गठ्ठा घेऊन चौथ्या पायरीवर थांबलो. थांबायला नको होतं, पण थांबलो.

"चूक संपादनाच्या टेबलावर झाली, मला मान्य आहे," साहेब म्हणत होते. "पण दुरुस्ती छापायची म्हणजे समितीला खोटं पाडायचं. आणि ताई, राग मानू नका, तुम्हाला नक्की ऐकू आलं का? म्हणजे एवढ्या गर्दीत... तुमचं ते यंत्र..."

मी गठ्ठा छातीशी घट्ट धरला.

"साहेब," ताई म्हणाल्या, "यंत्र डाव्या कानात आहे. आणि पाणी पिणारा माणूस डोळ्यांनी दिसतो."

"दुरुस्ती येणार नाही. विषय संपला."

"तुमच्या मजल्यावरचा संपला."

त्या खाली आल्या. मला वाटलं, घरी चालल्या. त्या दाराबाहेर गेल्या, वळल्या, आणि गिऱ्हाइकासारख्या पुन्हा आत येऊन माझ्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक गृहस्थ होते, त्यांचा बोका हरवला होता. बोक्याचं वर्णन होईपर्यंत ताई थांबल्या.

"फॉर्म दे."

"ताई, आत या ना."

"मी गिऱ्हाईक आहे. फॉर्म."

त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं. पेनाने, कारण फॉर्मला पेन लागतं. मी वाचलं.

'जाहीर नोटीस. तमाम लोकांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, रविवारच्या अंकात पान चारवर माझ्या नावाने छापून आलेला मजकूर मी लिहिलेला नाही व मला तो मान्य नाही. सदर कार्यक्रमास मी जातीने हजर होते. डेपोवाले यांनी गोंधळ घातला नाही. त्यांचा माईक बंद करण्यात आला. त्यांनी गाणे माईकशिवाय पूर्ण केले व ते फार चांगले झाले. पाहुणे गायक पाणी पीत असताना त्यांचे गाणे चालू होते, याची नोंद माझ्या वहीत आहे. माझा डावा कान अधू असून उजवा कान व दोन्ही डोळे शाबूत आहेत. सबब सदर मजकुरावर कोणी विश्वास ठेवू नये. ठेवल्यास ती ज्याची त्याची जबाबदारी राहील.'

"ताई, 'फार चांगले झाले' असं नोटिशीत नसतं."

"असू दे."

"शब्द वाढतात."

"मोज."

मी मोजायला लागलो आणि दोनदा चुकलो. ताईंनी खालच्या आवाजात विचारलं, "छोट्या, तुझी पंचाईत होत असेल तर सांग. मी दुसऱ्या पेपरात देते."

"दुसरा पेपर आहे कुठे गावात?"

"तेच म्हणते."

मी शूर होतो म्हणून शिक्का मारला, असं नाही. ओळखपत्र होतं, सही होती, शिवीगाळ नव्हती. फॉर्म बरोबर होता आणि बरोबर फॉर्म मी कधी परत केलेला नाही. छोट्या जाहिराती माझ्या टेबलावरून थेट छपाईला जातात, वरच्या मजल्यावर त्या कोणी वाचत नाही. पण हेही खरं की शनिवारी मी तेराव्या रांगेत होतो आणि शिक्का जरा जोरातच बसला.

मंगळवारी नोटीस छापून आली. वर 'हरवला आहे: राखाडी बोका, शेपटीला पांढरा डाग', खाली कोणाचा तरी नावात बदल, आणि मध्ये ताई. नऊ वाजल्यापासून फोन. सव्वानऊला साहेब पहिल्यांदाच माझ्या खिडकीशी आले.

"हे तुम्ही घेतलंत?"

"हो साहेब."

"वाचलं नाहीत?"

"शब्द मोजले, साहेब."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत एक फूट कमी झालो. दुपारी ताईंना सक्तीची रजा मिळाली. वर बसायचं नाही, टेबलाला हात लावायचा नाही. बुधवारी बरोबर दहाला ताई आल्या आणि माझ्या खिडकीसमोर गिऱ्हाइकांसाठी जे बाक आहे त्यावर वही, फोन आणि पाण्याची बाटली मांडून बसल्या.

रखवालदार म्हणाला, "ताई, तुम्ही रजेवर आहात ना?"

"रजेवरच्या माणसाने कुठे बसावं याचा नियम आहे का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नियम नव्हता.

तासाभराने आई आली. हातात छत्री, काखेत पर्स, रांगेत तिसरी. मी खाणाखुणा केल्या, तिने बघितलं नाही. तिचा नंबर आला.

"आई, काय हे?"

"फॉर्म."

"नाव?" मी विचारलं, कारण विचारावं लागतं.

"माझं नाव तुला माहीत नाही? एकदा सोडून दहादा शाळेच्या वहीवर लिहिलंस."

तिने घरूनच मजकूर लिहून आणला होता. 'मी त्या दिवशी तेराव्या रांगेत होते. नोटिशीत ताईंनी म्हटले आहे ते सर्व खरे आहे. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. शेजारी माझा मुलगाही होता, पण तो बोलणार नाही.'

"हे शेवटचं वाक्य मी काढतो."

"एक अक्षर काढलंस तर घरी येऊ नकोस."

रांगेतले लोक हसले. बाकावर ताई वहीत तोंड घालून बसल्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. मी शब्द मोजले आणि शिक्का मारला. माझ्याच विरुद्ध.

आईच्या मागे जो माणूस होता तो हसत नव्हता. तो सभागृहातला आवाजवाला. बराच वेळ फॉर्म कोरा धरून उभा राहिला. मग तीन वाक्यं लिहिली. 'माईक मी बंद केला. मला तसा इशारा झाला होता. बंद करायला नको होता.'

"नोकरी जाईल तुझी," मी म्हणालो.

"जाईल," तो म्हणाला. "ती बाई मंचाच्या कडेला येऊन बसली ना, तेव्हा मी बटनावर बोट ठेवून उभा होतो. पुन्हा सुरू करता आला असता. नाही केला. आता चार दिवस झाले, जेवण जात नाही." त्याने सही केली.

गुरुवारी दोघांच्या नोटिशी छापून आल्या आणि मग बांध फुटला. पाचव्या रांगेतल्या दोन शिक्षिका आल्या. दारावर पास तपासणारा आला. बाल्कनीतले कॉलेजचे सहा जण आले, सहा वेगवेगळे फॉर्म घेऊन. एक गृहस्थ सोहळ्याला गेलेच नव्हते. त्यांनी लिहिलं, 'मी हजर नव्हतो. परंतु चार वर्षांपूर्वी ताईंनी माझ्या व्हायोलिनवादनास दार कुरकुरल्यासारखे म्हटले होते, व ते खरे होते. सबब त्या खोटे लिहीत नाहीत.' दुपारपर्यंत त्रेचाळीस फॉर्म माझ्याकडे जमले. शुक्रवारचं छोट्या जाहिरातींचं पान भरून वाहणार होतं. बोका सापडला होता, त्यालाही जागा उरली नव्हती.

तीनला साहेब खाली आले. खिडकीपुढे रांग होती, बाकावर ताई होत्या. साहेब मोठ्याने म्हणाले, "या विषयावरची एकही नोटीस आता घ्यायची नाही. आणि घेतलेल्या परत करा."

सकाळपासून ऑफिसात जो तो मला विचारत होता, "काय, बोलणार नाही का?" रखवालदारसुद्धा. मी उभा राहिलो. खिडकीची काच बसलेल्या माणसाच्या मापाची आहे, उभं राहिलं की माझं डोकं वरून बाहेर येतं.

"लेखी द्या, साहेब."

"काय?"

"नोटीस नाकारली तर गिऱ्हाइकाला कारण द्यावं लागतं. नियम आहे. तुम्ही लेखी द्या, मी काचेला चिकटवतो. म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको."

मी ड्रॉवरची मूठ घट्ट धरून ठेवली होती. पण काउंटरच्या खालचं कोणाला दिसत नाही, हा या कामाचा एक फायदा. साहेबांनी रांगेकडे बघितलं. रांग त्यांच्याकडे बघत होती. साहेब वर गेले. लेखी काही आलं नाही. संध्याकाळी मला मात्र लेखी आलं: 'उद्धट वर्तन' असा मेमो, एकोणीस वर्षांतला पहिला. आईने तो तिच्या चष्म्याच्या डब्यात ठेवला आणि शेजारणींना दाखवला.

शुक्रवारी पानभर नोटिशी छापून आल्या. साडेदहाला शिपाई खाली आला. "ताई, साहेबांनी बोलावलंय."

"मी रजेवर आहे. त्यांना यायचं तर येऊ दे."

पाच मिनिटांनी साहेब आले. त्या दिवशी त्यांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा होता. ते आधी उभे राहिले, मग बाकावर ताईंच्या शेजारी बसले. मी फॉर्म चाळल्याचं नाटक केलं.

"काय हवंय तुम्हाला?"

"दुरुस्ती. पान चारवर, वर, तेवढ्याच जागेत, तेवढ्याच अक्षरात."

"समिती जाहिराती काढून घेईल."

"घेईल."

"तुमचं पान जाईल कदाचित."

"जाऊ दे. खोट्याखाली माझं नाव राहणार असेल, तर ते पान मला नकोच."

साहेब ताईंकडे वळले. "खरं सांगू? मला वाटलं होतं, कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. सोहळ्याचं कौतुक कोण एवढं वाचतं?"

"ज्याच्याबद्दल लिहिलंय तो वाचतो," ताई म्हणाल्या. "कात्रण खिशात घालून फिरतो. घ्या, लिहून घ्या."

साहेबांनी फोन काढला. ताई सांगत गेल्या, ते टाइप करत गेले. एका ठिकाणी ते थांबले. "इथे 'अनवधानाने' घालू या?"

"अनवधानाने नाही. 'कार्यक्रमाआधीच लिहून ठेवल्यामुळे.'"

"ताई..."

"तेच झालं ना?"

त्यांनी तेच लिहिलं. माझ्या मनात साहेबांबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा थोडा आदर आला. सगळेच संपादक ते वाक्य टाइप करणार नाहीत.

रविवारी दुरुस्ती छापून आली, पान चार, वरच्या बाजूला. समितीने जाहिराती काढून घेतल्या, म्हटल्याप्रमाणे. आवाजवाल्याची नोकरी गेली, तीही म्हटल्याप्रमाणे. डेपोवाल्यांवरची बंदी दोन ओळींच्या पत्राने उठली. त्यात 'माफी' हा शब्द नव्हता. पुढच्या महिन्यात सभागृहाने त्यांना बोलावलं तेव्हा वहिनींनी निरोप पाठवला, "येतो, पण बटनावर बोट आमच्या माणसाचं असेल." आणि त्यांनी आवाजवाल्याला आपल्यात घेतलं. आता ते सहा जण आहेत.

ताईंचं पान अर्धं झालं. खालच्या अर्ध्यात आता राशिभविष्य येतं. कितीतरी लोक त्यांना म्हणाले, ताई, अशा ठिकाणी कशाला राहता, तोंडावर राजीनामा फेका. त्या म्हणाल्या, "मी का जाऊ? चूक त्यांची आणि खुर्ची मी सोडू?" सोमवारी सकाळी त्या जिना चढून खिडकीशी जाऊन बसल्या. अर्ध्या पानात त्यांनी अक्षर बारीक केलं, समास कमी केले आणि मासळीबाजाराच्या शेडपासून वाचनालयाच्या जिन्यापर्यंत एकही ठिकाण गाळलं नाही. आईला आता ते वाचायला भिंग लागतं. आणलंय तिने.

महिन्याभराने डेपोवाल्यांनी डेपोतच, दुपारच्या सुट्टीत, दोन बसगाड्यांच्या मध्ये उभं राहून वाजवलं. निम्मं गाव लोटलं होतं. ड्रायव्हर बसच्या पायऱ्यांवर, मुलं टपावर. मी आणि आई टायरांच्या ढिगावर. टाळ्या तर अशा पडत होत्या की पहिलं गाणं कुठे संपलं तेच कळलं नाही. ताई एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून लिहीत होत्या.

शुक्रवारी पान सहा आलं. 'पहिले गाणे उत्तम. वहिनींचा आवाज उघड्यावरही भरून राहतो. दुसऱ्या गाण्यात क्लॅरिनेट पुढे पळाले, ढोल मागे राहिला आणि दोघांच्या मध्ये गाणे पडले. टाळ्यांच्या आवाजात ते कोणाच्या लक्षात आले नाही, पण पडले.'

त्याच दुपारी मेकॅनिक आला. हातात क्लॅरिनेटची पेटी, कामावरून परस्पर तालमीला निघालेला. मागे वहिनी. ताई खाली माझ्याकडे काही विचारायला आल्या होत्या, तिथेच गाठ पडली.

"ताई, हे काय लिहिलंत? एवढं सगळं झालं आपल्यात, आणि आता तुम्हीच..."

"एवढं सगळं कशासाठी झालं?"

"म्हणजे?"

"तुमच्याबद्दल खोटं छापलं म्हणून झालं ना? मग आता काय, तुमच्याबद्दल गोड खोटं छापू?"

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी त्याला वाचवणार होतो.

"मी त्याच दिवशी सांगितलं होतं," वहिनी मागून म्हणाल्या, "तुम्ही पळता म्हणून. माझं ऐकतं कोण? पेपरात आल्याशिवाय ह्यांना घरातलं खरं वाटत नाही."

तो थोडा वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. "कुठे पळालो?"

ताईंनी वही उघडली, पान शोधलं, आणि बाकावर बसून पेन्सिलीने लाकडावर ठेका धरला. "दुसऱ्या कडव्यानंतर. इथून."

त्याने पेटी उघडली, क्लॅरिनेटचे तुकडे जोडले, आणि आमच्या वर्तमानपत्राच्या तळमजल्यावर, हरवले-सापडलेच्या रांगेपुढे, भर कामाच्या वेळी वाजवायला सुरुवात केली. रांग वळून बघायला लागली. वरच्या मजल्यावरून दोघं-तिघं जिन्यात आले, त्यांच्या मागे साहेब. ताईंचं कोणाकडेही लक्ष नव्हतं. उजवा कान क्लॅरिनेटकडे, डोळे मिटलेले, पेन्सिल बाकावर.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून पळताय. पुन्हा."